बासवाल्याशिवाय

साखरेच्या आजारानं वर्डेल प्रुइटचा डावा पाय घोट्यापासून नेला, तेव्हा अख्ख्या न्यूअर्कनं तिला मोडीत काढलं. मी नाही. ती ऑर्गन वाजवायची; मी लूशस, तिचा ड्रमवाला. बाईनं जन्मात कधी बासवाला ठेवला नाही. बासचा खालचा घुमणारा सूर ती स्वतःच डाव्या हातानं धरायची आणि डाव्या पायानं पेडलवर त्याला ठोसा द्यायची. उजव्या हाताला मग रडायला, भांडायला, लाडीगोडी लावायला रान मोकळं. असं ऑर्गन वाजवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि कुणी पाहिलंय म्हणत असेल तर तो थापा मारतोय.

माझ्या पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर मात्र तिचा कायम डोळा. "हळू रे मेल्या! ठोसा माझा आहे."

रविवारी दुपारी आम्ही होजिया टिब्जच्या बारमध्ये वाजवायचो. चर्च सुटलं की बायका टोप्यांसकट थेट तिथे, तळलेल्या माशावर. त्या रविवारी बाई आजारपणानंतर पहिल्यांदाच कुबड्या घेऊन आली, तर ऑर्गनशेजारी एक अनोळखी बासवाला उभा.

"हे काय?"

"तुझ्या मदतीला, बाई," होजिया चाचरला.

"मेले का मी? एक गाणं वाजवते. या टोप्या खुर्चीतून उठल्या नाहीत, तर याला घे आणि पाटीवरून माझं नाव पूस."

होजियानं मान डोलावली.

तिनं संथ ब्लूज धरला. हात तोच, सोन्याचा. पण पायाविना खालच्या सुराला ठोसा मिळेना. टोप्या माशातच. मी आपला सवयीनं ड्रम कुरवाळत बसलेला, गाढव! तिनं मान वळवून असं पाहिलं, की माझी ट्यूब पेटली. दिला ठोसा. तिच्या डाव्या हाताच्या प्रत्येक सुराखाली माझा पाय, तिच्याच चालीनं, तालाच्या किंचित मागे रेलून. इतक्या वर्षांत ती चाल माझ्या हाडांत मुरली होती.

आधी जांभळी टोपी उठली. मग निळी. मग कोण बसतंय! बासवालासुद्धा वाद्य भिंतीला टेकवून नाचायला उतरला.

गाणं संपल्यावर रिवाजाप्रमाणे बाईनं माइक ओढून वादकांची नावं घेतली.

"ड्रमवर लूशस गेदर," ती म्हणाली. जरा थांबली. "आणि डाव्या पायावरही तोच."

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.