आठ नंबरची काठी

फकीरमामांची गळाची नवी काठी फसली, तर दत्ताच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मासे त्यात धरायचे नाहीत. दत्ताच्या बायकोला, शितलला, मासळीचा वास सोसत नसे; भीमेतून जे निघे ते तो घरी पोचायच्या आत वाटून मोकळा होई. पडणार होती ती मामांच्या डाव्या अंगाची हातभर जागा.

दौंडला नदीकाठी दर रविवारी गळ टाकून बसणारी जी मंडळी होती, त्यांना ती जागा कुणाची हे सांगावं लागत नसे. मामांच्या गळाला जड मासा लागला की खाली जाळी धरायची ती दत्तानं. चहाचा पहिला कप मामांना, दुसरा दत्ताला. कुणी नवखा आला तर ओळख व्हायची, “हा आपल्या फकीरमामांचा दत्ता.” कुरकुंभच्या कंपनीत तो निळ्या कपड्यातल्या घोळक्यातला एक होता, व्हॉल्व्ह उघड आणि व्हॉल्व्ह बंद कर, यापलीकडं त्याच्याशी कुणी बोलत नसे. नदीवर तो कुणाचा तरी होता.

त्यात मामांचा उजवा खांदा दुखायला लागला, आणि दत्ताचा भाव आणखी वाढला. मामा रेल्वेत सांधेवाले. जन्म दौंड जंक्शनात गाड्यांचे रूळ बदलायचे दांडे ओढण्यात गेलेला. शिसं आणि कणकेचा गोळा लावलेली जाडजूड काठी लांब फेकायची म्हणजे आता कळ मस्तकात जायची. मग मामा काठी दत्ताच्या हातात देत आणि म्हणत, “टाक रं, जरा आत टाक.” खांदा दुखतो याचं दत्ताला वाईट वाटायचं. पण फारही वाटायचं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सुमित उगवला.

सुमित शिरूरचा. कंपनीच्या लॅबमध्ये नवा लागलेला, दौंडात भाड्यानं राहायचा. घोडनदीच्या काठी मोबाइलमध्ये बघून बघून तो एक वेगळीच विद्या शिकला होता. ना शिसं, ना कणीक, ना गांडूळ. पिसांची, दोऱ्यानं बांधलेली खोटी माशी. साध्या काठीत शिसं पुढं जातं आणि दोरी त्याच्या मागं फरपटते. याच्यात वजन दोरीतच असतं. म्हणून ती आधी पाठीमागं झुलवायची, मग पुढं सोडायची. काठी चाबकासारखी लवलवते आणि माशी पाण्यावर अलगद उतरते.

“कुठली बैलं हाकायला आलाय हो सायेब?” पहिल्या रविवारी दत्तानं विचारलं.

“बैलं नाही दत्ताभाऊ, चिलापी,” सुमित हसून म्हणाला, आणि तिसऱ्या फेकीला त्यानं एक चिलापी काढून दाखवली.

चिलापीचं दत्ताला काही नव्हतं. त्याला खुपलं ते दुसरंच. मामा बसल्या जागेवरून उठले होते. उठून, कमरेवर हात ठेवून, ते त्या दोरीकडं असे बघत होते, जसं दत्ताकडं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

“आन् वजन कायच न्हाई म्हनतोस?”

“काहीच नाही मामा. धरून बघा.”

मामा! अजून पहिला रविवार सरला नव्हता आणि याचे पण मामा! दत्तानं आपली दोरी गरज नसताना ओढून घेतली.

त्यानं आणखी एक गोष्ट हेरली. ही काठी बसून चालवता येत नाही. चालवणाऱ्याला मागं मोकळं रान लागतं, आणि दोन्ही अंगांना पण. शेजारी कुणी बसला तर गळ थेट त्याच्या कानात. म्हणजे मामांनी ही काठी धरली, की डाव्या अंगाची जागा आपोआपच रद्द. फेकून द्यायला दत्ता नको, जाळी धरायला दत्ता नको. कुणी त्याला ऊठ म्हणणार नव्हतं, पण त्याला उठावंच लागणार होतं.

मामांनी पेन्शनमधून काठी घ्यायची ठरवली. सुमितनं दोन मागवल्या. एक पसंत करायची, दुसरी परत पाठवायची. तेवढ्या आठवड्यात दत्तानं कंपनीच्या बसमध्ये जाता-येता या काठ्यांचे एवढे व्हिडिओ बघितले, की शाळेत एवढा अभ्यास केला असता तर तोच लॅबमध्ये बसला असता. पाच नंबरची काठी मऊ, मुठीपर्यंत वाकणारी, हळू चालीची. मनगटावर चालते, दुखऱ्या खांद्याला तीच. आठ नंबरची ताठ, नुसता शेंडा वाकणारी. वाऱ्यात, मोठ्या माशाला, आणि दमदार खांद्याला. दत्ताला सगळं नीट कळलं. एखाद्या भल्या माणसाला कळेल त्याहून नीट कळलं.

रविवारी दोन्ही काठ्या नदीवर आल्या. बसणारी मंडळी आपापले गळ पाण्यात सोडून बघायला गोळा झाली.

मामांनी आधी पाचची घेतली. सुमितनं मागून हात धरून एकदा झुलवून दाखवली आणि बाजूला झाला. दोरी मागं गेली, जरा थांबली, पुढं आली, आणि पाण्यावर अशी पडली की कडेला उभ्या बगळ्यानं मानसुद्धा वळवली नाही.

“आरं!” मामा म्हणाले. एवढंच. पण चेहरा असा झाला, की दत्ताला दुसरीकडं बघावं लागलं.

मग आठची. मामांचा खांदा पार कानापर्यंत वर आला, ओठ दाबले गेले, आणि दोरी समोरच गुंतवळ होऊन पडली.

“पाचचीच घ्या मामा,” सुमित म्हणाला. “बघायलाच नको आता.”

“जरा थांबा की सायेब,” दत्ता पुढं झाला. “पैल्या डावाला कुनाचीबी दोरी गुतती. मामा, तुमीच सांगा, ही पाचची म्हंजी हातात चूल फुकायची फुकनी धरल्यागत हाय का न्हाई? घोडनदीच्या डबक्यात ठीक हाय. हितं भीमा हाय. वारं कसलं सुटतंय ठावं हाय ना तुमाला?”

“दत्ताभाऊ, घोडनदीला डबकं म्हणायचं काम नाही.”

“पान्याला म्हनलं, तुमाला न्हाई.” मंडळी हसली. दत्ताला जोर चढला. “आन् उद्या दांडगा रोहू बसला म्हंजी? ही वाकंल गुडघ्यापत्तूर. तुमी हिकडं, रोहू तिकडं, आन् लोक काय म्हनतील? फकीरमामा म्हातारपनी पोराचं खेळनं घिऊन आले.”

“पण खांद्याचं काय?” सुमितनं विचारलं.

“खांदा व्हय? ज्या खांद्यानं मेलगाड्या वळवल्या, त्यो काय ह्या काडीला भ्यायचा? सवय झाली की आठच हलकी वाटंल. म्या सांगतो ना मामा. म्या तुमाला कदी चुकीचं सांगितलंय का?”

हे शेवटचं वाक्य त्यानं बसमध्ये ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि इतकं कळवळून आलं की त्याचं त्यालाच खरं वाटलं.

मामांनी दोन्ही काठ्या दोन हातांत धरल्या. मग त्यांनी दत्ताकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“दत्ता म्हनतो ती,” ते म्हणाले, आणि पाचची सुमितकडं दिली.

त्या दिवशी दत्ता घरी गेला तो सायकलवर शीळ घालत. सुमितनं पाचची परत पाठवली नाही, स्वतःलाच ठेवली, हे ऐकून तर त्याला आणखी बरं वाटलं. ठेव म्हणावं. खेळ एकटाच. मामा आठची दोन-चार दिवस हलवतील, वैतागतील, कोपऱ्यात उभी करतील आणि आपल्या जागी येऊन बसतील. आपण शेजारी. हिशेब चोख होता.

फक्त मामांची जिद्द त्यानं त्यात धरली नव्हती. मामा रोज सकाळी रेल्वेच्या मैदानावर जाऊन गवतावर दोरी फेकू लागले. दत्ता पहिल्या पाळीला जाताना मुद्दाम तिकडून जाई.

“जमतंय का मामा?”

“जमतंय, जमतंय. तू म्हनलास तसंच हाय. सवयीचा खेळ हाय.”

आणि एका सकाळी मैदान रिकामं होतं. खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, काठी सोडाच, नदीच्या ओल्या गारठ्यात बसायचंसुद्धा नाव काढू नका.

दत्ता पुढचे काही रविवार नदीवर गेला. मामांची जागा त्याच्या उजव्या हाताला मोकळी पडलेली. सुमितही दिसत नव्हता. मंडळी विचारत, “मामा कसं हायेत रं?” आणि दत्ता म्हणे, “बरं हायेत,” कारण मामा कसे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची जायची छाती होत नव्हती. शेवटी एका दुपारी कवठे येमाईच्या पाहुण्यांनी दिलेली भाजी पिशवीत भरून तो मामांच्या घरी गेला.

दारातच त्याला हसणं ऐकू आलं. आत मामा खाटेवर तक्क्याला टेकून बसलेले, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. त्यांच्या डाव्या अंगाला, खाटेला गुडघे लावून, सुमित. दोघं मिळून पिसांची माशी बांधत होते. मामा डाव्या हातानं दोरा ताणून धरीत, सुमित वेढे देई.

“ये दत्ता, ये. बघ, एका हाताचा कारागीर झालो.”

दत्ता भाजीची पिशवी घेऊन उभाच राहिला. डावीकडं जागा नव्हती. तो उजवीकडं, झोळीच्या बाजूला, स्टुलावर टेकला.

लालबीमामी पाणी घेऊन आल्या. मामांचं पांघरूण सारखं करता करता त्यांचा पारा चढला. “आता ह्यांची बटनं म्या लावायची, घास म्या भरवायचा. आन् कशापायी? त्या काडीपायी! मला एवढंच सांगा, ही आठ नंबरची अवदसा घ्यायला सांगितली कुनी?”

दत्ताच्या हातातला तांब्या थांबला. सुमितनं वेढे द्यायचे थांबवले आणि मान वर केली नाही.

“कुनी न्हाई,” मामा म्हणाले. “माजीच हौस. दत्ता बिचारा नगं नगं म्हनत व्हता. म्या ऐकलं न्हाई.”

“मग ऐकायचं व्हतं की दत्ताचं,” मामी म्हणाल्या, आणि दत्ताकडं मायेनं बघत आत गेल्या. दत्तानं पाणी प्यायलं. तोंड उघडायची ती वेळ होती, हे त्याला कळत होतं. ती गेली, हेही कळलं.

निघाल्यावर सुमित फाटकापर्यंत आला. दत्ताच त्याच्यावर उसळला.

“बघताय काय? सांगा की जाऊन मामीला खरं काय ते!”

“मी कशाला सांगू? मामांना तर त्याच दिवशी पहिल्या फेकीला कळलं होतं, पाचचीच बरोबर म्हणून.”

“मंग घेतली का न्हाई?”

“मी पण तेच विचारलं. म्हणाले, चारचौघांत दत्ताचा शब्द खाली पडला असता, तर तो परत नदीवर आला नसता. काठी काय, कुठलीही चालली असती.”

दुसऱ्या कुणाला अशा वेळी लाज वाटली असती. दत्तालाही वाटली, पण ती मागाहून. आधी त्याच्या मनात जे आलं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

“हे तुमाला कवा सांगितलं त्यांनी?”

“असंच एकदा. बसलो होतो तेव्हा.”

तर ताळा असा. सुमितला एक काठी ठेवून घ्यावी लागली, पण ती त्याच्या हाताला बसली. मामींना नवऱ्याची बटणं लावावी लागली. दत्ताच्या पदरचं काही गेलं नाही. नदीकाठ आता दोन्ही अंगांनी त्याचाच होता. काठीची किंमत मामांनी दिली, खांदा मामांनी दिला, नदी मामांनी दिली, आणि दत्ताच्या नावावर निघणारा बोलही त्यांनीच आपल्या अंगावर घेऊन चुकता केला. का केला, ते मात्र त्यांनी सांगितलं सुमितला.