पिंढऱ्या का भरून आल्या

शहागडला गोदावरीचं पाणी कावडीत भरायचं आणि सहा कोस पळत येऊन श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावच्या महादेवाला घालायचं, हे रखमाजी तीस वर्षं करत आला होता. कावड जमिनीला टेकवायची नाही, एवढाच नेम. दमलेला माणूस ती सोबत्याच्या खांद्यावर देई. रखमाजीवर ती वेळ एकोणीसशे चाळीस साली पहिल्यांदा आली. चोपन्नाव्या वर्षी, पहिल्याच चढाला, त्यानं कावड तरुण पुतण्याच्या, मच्छिंद्रच्या खांद्यावर दिली.

त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. फारसा दम लागला नव्हता. पिंढऱ्या तेवढ्या दगडासारख्या भरून आल्या होत्या. आणि मागून रिकामा चालत आला, तर दुसऱ्या कोसाला पाय आपोआप मोकळे झाले.

दिवाळी सरल्यावर तो अंबडच्या दवाखान्यात गेला. तिथला तरुण डॉक्टर केशव हैदराबादला शिकून नुकताच आला होता. काय होतंय, असं त्यानं विचारलं.

"व्हत काई न्हाई," रखमाजी म्हणाला. "पाय आधी का भरले अन् मंग का मोकळे झाले, ते इचारायला आल्तो."

असा प्रश्न घेऊन केशवकडे आजवर कोणी आलं नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मच्छिंद्रलाही घेऊन या, असं त्यानं सांगितलं.

त्या दिवशी त्यानं दोघांना बसवून घड्याळावर नाडी मोजली. मच्छिंद्रचे ठोके मिनिटाला सहासष्ट, रखमाजीचे अठ्ठेचाळीस. पळून-पळून काळीज बळकट झालं की बसल्या जागी ते असं सावकाश चालतं, तो म्हणाला. मग दोघांना गावालगतच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर तीनदा पळत चढायला-उतरायला लावलं. पायथ्याशी येताच पुन्हा मोजले. मच्छिंद्रचे एकशे नव्वद झाले होते. रखमाजी जीव तोडून पळाला होता, तरी त्याचे एकशे पासष्टच. थोडं थांबून पुन्हा पळवलं, पण आकडा हलला नाही.

वय वाढलं की काळजाचा सगळ्यात जास्तीचा वेग उतरत जातो, केशवनं समजावलं. रक्ताच्या नळ्याही थोड्या ताठर होतात. मग पळताना पायांना पहिल्याइतकं रक्त पोचत नाही.

रखमाजीनं पिंढऱ्या चाचपल्या. "म्हंजी हिरीत पाणी तेवढंच हाये, पण मोट जल्दी वर येऊन न्हाई राह्यली."

"बराबर. पण पुढं पाय मोकळे का झाले, ते मलाही नक्की माहीत नाही. नळ्या हळूहळू सैल होत असतील. तुम्हीच करून बघा."

रखमाजीनं पुढच्या श्रावणापर्यंत तेच केलं. एक दिवस पिंढऱ्यांना तेल चोळून पळाला, काही फरक पडला नाही. एक दिवस सुरुवातीलाच जोरात सुटला, पाय भरले. अर्धा कोस नुसता चालून मग पळाला, तर भरले नाहीत. हे त्यानं चार-पाच वेळा पडताळून पाहिलं. एवढ्या वेळात तूर खुरपून झाली असती, असं त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली.

श्रावणात सगळे बैलगाडीनं शहागडला निघाले. नदी कोसभर राहिली तेव्हा रखमाजी खाली उतरून चालू लागला. बैलांशी भांडण झालं का, म्हणून गाडीतले हसले. पाणी भरल्यावर त्यानं सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि पहिला कोस हळूहळू कापला. चढाला पाय हलके होते. तिथून तो जो पळत सुटला, तो देवळापर्यंत थांबला नाही. तो सगळ्यांच्या मागून पोचला, पण कावड त्याच्याच खांद्यावर होती.

केशव सायकलवरून मुद्दाम आला होता. त्यानं ठोके मोजून वहीत मांडले. शेजारी दुर्गाबाई उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती ओढ्यावरून दोन-दोन घागरी पाणी चढावर वाहत आली होती. तिनं बांगड्या मागं सारून हात पुढं केला.

"माझी बी बघा."

केशवनं मोजली, मग घड्याळ कानाला लावलं आणि पुन्हा मोजली. दोन्ही वेळा ठोके बावन्नच भरले. तुम्ही कधी पळत होतात का, त्यानं विचारलं.

"पळायला कवा येळ गावला," ती म्हणाली आणि पंगतीला वाढायला निघून गेली.

केशवनं वहीत तिचं नाव लिहिलं, आणि वय विचारायला तिच्या मागोमाग गेला.