उजव्या हाताची मूठ

पूनमनं ज्वारीच्या पिठाचा गोळा नवऱ्याच्या उजव्या हातात ठेवला आणि वरून स्वतःचे दोन्ही हात आवळले.

"दाबा."

वैभवनं दाबलं. गोळ्याला चिरा गेल्या आणि अर्धा गोळा त्याच्या मांडीवर सांडला.

"जवारीले चिकटपणा नसते, म्हटलं होतं तुले," तो म्हणाला, आणि हात परत पँटच्या खिशात गेला.

दिवाळीनंतर, कापसाच्या जिनिंग मिलमधल्या अपघातापासून, तो हात खिशातच राहत होता. झोपताना उशीखाली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं होतं, तीन बोटं उरली होती. मिलवाल्यांनी दवाखान्यातच कागद आणला. कागद तेलुगूत, वैभवला न वाचता येणारा. त्यात लिहिलं होतं की चूक कामगाराची. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, कारण उजवा त्यांच्याच मशिनीनं खाल्ला होता. शरम ज्यांना वाटायला हवी ते गाडीतून फिरत होते, आणि हात लपवत होता तो हा.

मशिनीत हात जाण्याआधी वैभव मोबाइलवर पाहून पाहून विजेवर चालणारा स्केटबोर्ड बनवत होता. सागाची फळी त्यानं स्वतः रंधली होती. चाकं पार्सलनं मागवली होती, बॅटरी मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरची होती, आणि मोटरचा पट्टा ज्यावर फिरतो ती पुली त्यानं मिलच्याच लेथवर जेवणाच्या सुट्टीत काढली होती. गाव त्या सगळ्या प्रकाराला 'पाटा' म्हणायचं. चार महिने पाटा बाजेखाली धूळ खात पडला. उन्हाळा लागला तसा पूनमनंच तो बाहेर ओढला. तिनं तारा धरायच्या, त्यानं डाव्या हातानं सोल्डरिंगचा डाग लावायचा, असं करत करत पाटा चालू झाला. राहिला फक्त रिमोट. विकतच्या रिमोटला वेग कमीजास्त करायला एक चाक होतं, अंगठ्यानं फिरवायचं.

"डाव्या हातात धरतो ना," वैभव म्हणाला. "जमते मले."

"जमते. मंग उजवा कायले ठेवला? खिसा उबवाले?"

पूनमनं ते चाक काढायला लावलं आणि त्याजागी फवारणीच्या पंपाचा खटका बसवायला लावला. तीन बोटांनी दाबला की पाटा पळणार, सोडला की थांबणार. पण रिमोटला धरायला मूठ हवी होती, या हाताच्या मापाची, आणि तशी मूठ आदिलाबादच्या कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती.

म्हणून मापाचा ठसा घ्यायला तिनं आता गव्हाची कणीक घेतली. तेवढ्यात दारात सासू उभी.

"पिठाचा हात करून राह्यली काय वं?" रेणुकाबाई म्हणाली. "ज्याचं मढं सापडत नाई त्याचा करतेत पिठाचा पुतळा. माह्यं पोरगं जितं हाय."

"जितं हाय ना आत्याबाई? मंग त्याच्या हाताकडं पाहत काऊन नाई तुमी?"

रेणुकाबाई गोठ्याकडं वळली. सहा महिने ती लेकाला ताट वाढायची ते मान खाली घालून.

पूनमनं कणीक बाजूला ठेवली. सासूचा शब्द तिलाही लागला होता. मग तिनं कपाटातून नळ जोडायचं सील काढलं, दोन रंगांचं, मळून एक केलं की अर्ध्या तासात दगड होणारं. आणि तेलाची वाटी घेऊन ती त्याच्यापुढं बसली.

"आणा हात. तेल नाई लावलं तं चिपकन. मंग आंघोळीलेही रिमोट घेऊनच जा."

हात बाहेर आला. तिनं तळव्याला तेल लावलं, तिन्ही बोटांना लावलं, जिथं अंगठा संपला होता तिथल्या गुलाबी, नव्या कातडीला लावलं. वैभव वर टिनाकडं पाहत होता.

"दुखते?"

"इथं नाई. अंगठा दुखते. जो नाई तो."

पूनम हसली नाही. "कुठं?"

त्यानं डाव्या हाताच्या बोटानं हवेतली एक जागा दाखवली. तिनं तेलाचं बोट त्या जागी नेलं आणि हळूहळू फिरवलं.

"इथं?"

"जराक खाली."

तिनं जराक खाली चोळलं, बराच वेळ. मग रिमोटच्या डबीभोवती मळलेलं सील लावलं, त्याच्या हातात दिलं, वरून आपली मूठ वळली, आणि सील गरम होऊन थंड होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

सकाळी ऊन तापायच्या आधी पाटा डांबरी रस्त्यावर उतरला. कडेला शेतातून उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. वैभव पहिल्यांदा दहा पावलं गेला, मग शाळेपर्यंत, मग परत येताना तर पूनमकडं न पाहता सरळ पुढं निघून गेला. समोरून म्हातारा डोमाजी आला.

"राम राम, बापू," म्हाताऱ्यानं हाक दिली.

डोमाजीचा रामराम दोन्ही हात जोडून घ्यायचा, ही गावाची रीत. सहा महिने वैभव नुसती मान हलवायचा. आज हात बाहेरच होता. त्यानं दोन्ही जोडले. मधे मूठ होती, खटका पार आत दाबला गेला, आणि पाटा त्याच्या पायाखालून सुसाट गेला. वैभव पऱ्हाट्यांत.

"रामराम घे म्हटलं बापू, लोटांगण नाई," डोमाजी म्हणाला.

वैभव पडल्या पडल्या हसत सुटला. पूनम पाट्यामागं धावली. रेणुकाबाई शेणाच्या हातांनी गोठ्यातून पळत आली, लुगड्याला हात पुसत पुसत त्याच्याजवळ बसली, आणि जो हात टेकून तो पडला होता तोच तिनं ओढून मांडीवर घेतला. खरचटलं होतं. तिनं रुतलेली पऱ्हाटीची काडी काढली, फुंकर घातली. मग एकेक बोट चाचपून, वाकवून पाहिलं. एक. दोन. तीन.

"सगळे हायेत," ती म्हणाली.