आधी बॅकअप, मग हात

चार वाजायला आठ मिनिटं होती तेव्हा माझ्या पडद्यावर धाकटीच्या घराची ओळ उमटली: अलार्म बंद, वापरकर्ता दोन.

चहाचा कप तोंडाशी नेत होते, तो तसाच हातात राहिला. वापरकर्ता एक म्हणजे माझी धाकटी बहीण. तीन म्हणजे मी. दोन कुणीच नव्हतं. दोन नंबर मी चार महिन्यांपूर्वी माझ्या हातानं पुसला होता, आणि त्या दिवशी धाकटी कितीतरी आठवड्यांनी पोटभर जेवली होती.

दोन म्हणजे तिचा नवरा. आमची आई अजून सवयीनं त्याला जावईबापू म्हणते आणि मग स्वतःची जीभ चावते. या जावईबापूंनी माझ्या बहिणीचं मनगट मोडलं होतं, तेही सहा वर्षांच्या लेकीसमोर. कोर्टानं त्यांना त्या घराच्या आसपास फिरकायला मनाई केली होती. घराची जुनी किल्ली त्यांनी परत केली नव्हती. धाकटी कुलूप बदलायला निघाली होती, तेव्हा मीच म्हटलं होतं, "उगाच खर्च कशाला? तुझ्या घराची खरी किल्ली माझ्याकडे आहे. त्यानं दार उघडलं तरी अख्खी गल्ली जागी होईल."

माझी ही ऐट समजायची तर माझं काम समजायला हवं. मी घरांचे अलार्म सांभाळते. घरातल्या भिंतीवर एक पांढरी पेटी असते, तिला आम्ही पॅनेल म्हणतो. कुठल्या दाराला सेन्सर, कुणाचा कोणता चार आकडी नंबर, भोंगा किती वेळ वाजवायचा, मेसेज कुणाकुणाला पाठवायचे, हे सगळं त्या पेटीत असतं. मी कंट्रोल रूममध्ये बसून नेटवर्कवरून त्या पेटीत शिरते, हवं ते बदलते आणि बाहेर पडते. घरच्यांना चहासुद्धा टाकावा लागत नाही.

आणि माझा एक नियम आहे: आधी बॅकअप, मग हात. पेटीतली सगळी सेटिंग्ज आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मगच तिला हात लावायचा. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या पाठीमागे मला बॅकअपबाई म्हणतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्याच दिवशी सकाळी मी धाकटीच्या पॅनेलवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. नियमाप्रमाणे आधी बॅकअप लावला. तिकडची लाइन रडतखडत चालली होती. एकाहत्तर टक्क्यांवर अडली, कोपऱ्यात एक लाल खूण आली आणि गेली. मी तेव्हा फोनवर एका गिऱ्हाइकाला त्याच्या मांजरामुळे भोंगा का वाजतो ते समजावत होते. यादीत 'धाकटी' नावाची फाइल दिसली, एवढंच मी पाहिलं. पुढे पॅनेल कोरं झालं, तसं ते कधीकधी होतं, आणि मी ऐटीत ती फाइल त्यात परत ओतली. दारं, खिडक्या, नावं, सगळं जागच्या जागी बसलं.

"बघा काका," मी शेजारच्या खुर्चीला म्हणालेसुद्धा, "बॅकअप असला की कसं."

शेजारच्या खुर्चीवर आमचे काका बसतात. कंट्रोल रूममधले सगळ्यात जुने ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते सहसा बोलत नाहीत.

आता मी त्या फाइलची तारीख पाहिली. चार महिन्यांपूर्वीची, सकाळी अकरा दहाची.

तो दिवस मला पाठ होता. धाकटी माझ्या शेजारी इथेच बसली होती, हाताला प्लास्टर. मी नियमाप्रमाणे आधी बॅकअप घेतला होता आणि मग दोन नंबर पुसला होता. पुसल्यानंतर पुन्हा बॅकअप कोण घेतं? आमच्याकडे कुणीच नाही. सकाळचा बॅकअप एकाहत्तर टक्क्यांवर मेला तेव्हा प्रोग्रॅमनं आपली जुनी फाइल तशीच ठेवली, आणि तीत तो शाबूत होता, नंबरासकट आणि फोनसकट. मी सकाळी त्याला धाकटीच्या घरात परत नेऊन बसवलं होतं.

शिवाय पॅनेल सुरू झालं की यादीतल्या सगळ्यांना मेसेज जातो. चार महिन्यांत त्या घरातून त्याला एक शब्द आला नव्हता. आज सकाळी आला: घराचा अलार्म सुरू झाला आहे. माणूस दुष्ट असला तरी मठ्ठ नव्हता. आपला फोन यादीत आला म्हणजे आपला नंबरही आला असणार, हे त्यानं ओळखलं.

चिडले की माझं डोकं मागे राहतं आणि हात पुढे जातो. आई म्हणते, लहानपणापासून तसंच आहे. मी वापरकर्त्यांची यादी उघडली, दोन नंबर खोडला आणि 'पाठवा' दाबलं. नव्यानं ओतलेल्या पॅनेलला प्रोग्रॅम एक नंबर एकटा पाठवत नाही, सगळी सेटिंग्ज पुन्हा पहिल्यापासून लिहितो. पडद्यावर पट्टी उमटली. दोन टक्के. उरलेला वेळ: सोळा मिनिटं.

"काय झालं?" काका म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी हेडफोन काढला होता.

"तो घरात शिरलाय. बहिणीच्या. मी त्याचा नंबर पुसतेय."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. "अगं, तो आत आहे ना? मग आता नंबर पुसून काय मिळणार?"

तेव्हा कुठे माझं डोकं हाताला येऊन मिळालं. मला नंबर पुसायचा नव्हता, भोंगा वाजवायचा होता. एक बटण पुरलं असतं. पण पॅनेलमध्ये लिखाण चालू असताना ते ठार बहिरं असतं, दुसरा कुठलाही हुकूम घेत नाही. आणि ते बहिरेपण मी स्वतःच सुरू केलं होतं, सोळा मिनिटांसाठी.

धाकटी शाळेतून लेकीला घेऊन चार वाजून पाच मिनिटांनी घरी पोचते. रोज. पडद्यावर रोज ती ओळ येते आणि रोज माझा जीव भांड्यात पडतो.

"काका, पोलिसांना लावा. कोर्टाचा मनाई हुकूम आहे म्हणावं."

मी धाकटीला फोन लावला. वाजत राहिला. स्कूटरवर असताना तिचा फोन डिकीत असतो, हेही माझंच ऐकून. गाडी चालवताना फोन घेऊ नकोस म्हणून मीच तिचं डोकं खाल्लं होतं. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"गाडी निघतेय म्हणतात," काका म्हणाले. "वीस मिनिटं तरी लागतील."

तीन छप्पन्न. अकरा टक्के.

धाकटीच्या घरासमोर एक बेकरी आहे. अलार्म बसवला तेव्हा मी भाचीला, आमच्या चिमणीला, एक गोष्ट पढवली होती. भोंगा वाजत असेल तर घरात जायचं नाही, आईनं ओढलं तरी नाही, सरळ बेकरीत जायचं आणि काउंटरच्या मागे उभं राहायचं. आम्ही दोनदा तालीमसुद्धा केली होती. दोन्ही वेळा बेकरीवाल्या मावशींनी तिला बिस्कीट दिलं होतं, त्यामुळे तिसऱ्या तालमीसाठी ती माझ्या मागे लागली होती. काकांनी बेकरीचा नंबर शोधून लावला. तिथेही कुणी उचलेना. त्या वेळी मावशी मागे भट्टीपाशी असतात.

म्हणजे भोंगा वाजला तर सगळं ठीक होतं. आणि भोंगा वाजू शकत नव्हता.

तीन एकोणसाठ. तेवीस टक्के. मी पट्टीकडे बघत होते. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. त्या घरात आत्ता तो काय करत असेल ते मला दिसत होतं. खुर्च्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक होतं. चिमणी दारातून आत आली की आधी दप्तर कुठे टाकते हेही त्याला ठाऊक होतं.

समोरच्या भिंतीवर काकांच्या अक्षरात एक कागद डकवलेला आहे. वर्षानुवर्षं तिथे आहे, कडा पिवळ्या पडल्यात. 'लिहिताना तोडू नका.' लिखाण चालू असताना लाइन तुटली तर पॅनेल अर्धवट राहतं. कुणीतरी आपल्याशी छेडछाड करतंय असं त्याला वाटतं आणि ते बोंबलायला लागतं. मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाईपर्यंत थांबत नाही. गेल्या वर्षी एका नवख्या मुलीनं अशी लाइन तोडली होती, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर इतकं फैलावर घेतलं की ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

मी काकांकडे पाहिलं. काका त्या कागदाकडे बघत होते.

"दरवेळी नाही बोंबलत," ते हळूच म्हणाले. "दहातली दोन मुकाट मरतात."

"माहितीये."

"मेलं तर परत काही करता येणार नाही. आपल्याला इथून दिसणारसुद्धा नाही."

"काका, माहितीये मला!"

चार वाजून एक मिनिट. एकोणतीस टक्के. मी टेबलाखाली वाकले आणि भिंतीतून केबल उपटली.

पट्टी करडी झाली. 'संपर्क नाही.' खोलीत सगळं नेहमीसारखं चालू होतं, पलीकडे कुणीतरी कुणाला तरी बॅटरी बदलायला सांगत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक भोंगा वाजत होता किंवा वाजत नव्हता, आणि ते कळायचा कुठलाही मार्ग मी ठेवला नव्हता. मी हातात केबलचं टोक धरून जमिनीवरच बसून राहिले.

चार तीन. चार पाच. धाकटीचा फोन वाजत राहिला. चार सात. आठ. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू तसाच ठेवला तर काहीतरी खरं होईल. मी देवाधर्मातली नाही, पण त्या सात मिनिटांत ज्याला ज्याला हात जोडता येतात त्या सगळ्यांना जोडले.

चार वाजून नऊ मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मावशी," चिमणी ओरडत होती, कारण तिच्या मागे काहीतरी त्याहून मोठ्यानं ओरडत होतं. "भोंगा वाजतोय! आई जात होती आत, बघते म्हणाली, मी तिला ओढलं! मी काउंटरच्या मागे आहे!"

धाकटीनं फोन घेतला.

"ताई, तो घरातून बाहेर आलाय. दारात उभा आहे, कान झाकून. सगळी गल्ली बाहेर आलीये." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाबा आहेत म्हणून चिमणी बघायला निघाली होती. मी धरून ठेवलंय."

पोलीस आले तेव्हा तो त्यांना फाटकाशीच सापडला. सहा-सात शेजारी त्याच्याभोवती उभे होते, त्याला जायला वाट नव्हती.

भोंगा थांबवायला मलाच जावं लागलं. मी पेटी उघडली, वायर काढली, आणि मग घरात इतकी शांतता झाली की मला मागच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. मागच्या दाराला आतून खुर्ची लावलेली होती. पुढच्या दाराआड दुसरी खुर्ची मांडलेली होती, आणि बूट काढून कपाटाखाली ढकलले होते, दारातून आत येणाऱ्याला दिसू नयेत असे. धाकटी त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिली.

"त्याचा नंबर तर आपण पुसला होता ना," ती म्हणाली. "मी शेजारीच बसले होते."

मला दहा उत्तरं देता आली असती. लाइन खराब होती, सॉफ्टवेअर नवं होतं, प्रोग्रॅमनं जुनी फाइल ठेवली. सगळी खरीच होती.

"मी परत टाकला," मी म्हणाले. "आज सकाळी. न बघता."

ती कडाकडा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूपवाल्याला घेऊन गेले. नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या होत्या. एक धाकटीनं स्वतःच्या जुडग्यात घातली, एक आईसाठी वेगळी ठेवली, आणि तिसरी रस्ता ओलांडून बेकरीवाल्या मावशींना देऊन आली. मी पायरीवर उभी होते. हात पुढे करायला मला तोंड नव्हतं.

पॅनेल मी भिंतीपाशी उभं राहून हातानंच भरलं, पहिल्यापासून. नेटवर्क जोडलंच नाही. दारं, खिडक्या, भोंग्याचा वेळ. धाकटी चिमणीची वही घेऊन शेजारी उभी राहिली आणि मी सांगत गेले ते लिहून घेत गेली. हा बॅकअप कॉम्प्युटरवर नको, हे दोघींनी न बोलताच ठरवलं होतं.

"वापरकर्ता दोन?" मी विचारलं.

"रिकामा ठेव."

"तीन?"

ती लिहिता लिहिता थांबली. तिनं वर पाहिलं नाही. "तोही ठेव रिकामा, ताई."

मी मान हलवली. मग एकच जागा उरली. इन्स्टॉलरचा नंबर, ज्यानं पेटीतलं सगळं उघडतं. शहरातल्या प्रत्येक घरात तो माझाच असतो, आणि त्यावरच माझी सगळी ऐट उभी होती.

"हा तू टाक," मी म्हणाले. "मला सांगू नकोस."

मी मागे सरले आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे चार बीप वाजले, थोडं थांबून पुन्हा चार.

"मावशी," चिमणी म्हणाली, "झालं. आता वळलीस तरी चालेल."

मला लगेच वळता आलं नाही.