कोरी टेकडी

साहेबांना टाचणी वाकडी लागलेली खपत नसे. माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती आणि हे चष्मा कपाळावर चढवून टाचणी सरळ करत बसायचे. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

साथीच्या कचेरीत आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीचे आजारी तरी होते, नाहीतर आजारी असल्याचं सांगून घरी बसले होते. मी फोनवर असायचे. दवाखान्यांतून आकडे यायचे, मी ते ओरडून सांगायचे आणि साहेब भिंतभर पसरलेल्या शहराच्या नकाशात टाचण्या खोचायचे. फ्लू निघाला की पिवळी, माणूस गेला की लाल. नियम साहेबांचाच: जिथे तपासलं तिथे पिवळी, जिथे जीव गेला तिथे लाल. घरचा पत्ता विचारायचाच नाही. सुरुवातीला विचारत होतो, तर घराला टाळं ठोकतील या भीतीने लोक बिनदिक्कत खोटे पत्ते द्यायचे. एका पठ्ठ्याने तर आमच्या कचेरीचाच पत्ता दिला होता. तेव्हापासून साहेबांचा पत्त्यांवरचा विश्वासच उडाला.

मोठ्या दवाखान्याभोवती लाल टाचणीला जागा उरली नव्हती. शहराच्या वरच्या अंगाची टेकडीवरची वस्ती मात्र कोरी. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे. "हवा बघा तिथली!" त्यांच्या शब्दावर टेकडीवरचा बाजार चालू राहिला, शाळाही.

आणि त्यांनी मुलीलाही तिथेच पाठवलं. एकुलती एक. दिवस भरत आलेले, नवरा दूर बोटीवर, आई कधीच गेलेली. साहेबांचं घर मोठ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तिला तिथे ठेवायची त्यांची तयारी नव्हती. टेकडीवर तिची मावशी राहत होती. निघताना ती कचेरीत डोकावली. नकाशाकडे बघून म्हणाली, "बाबा, घरी कधी एक शर्ट सरळ वाळत घातला नाहीत, आणि इथे बघा!"

मी खो खो हसले. साहेबही हसले. तिचा मफलर नीट करत म्हणाले, "वर एकही टाचणी नाही, बाळा. निश्चिंत राहा."

मला ती पोर फार आवडायची.

मग एका दुपारी मोठ्या दवाखान्यातल्या कारकुनाचा फोन आला. आकडे सांगून झाल्यावर तो कुरकुरायला लागला, "आमच्या ड्रायव्हरचा पार पिट्टा पडलाय, बाई. दिवसभर त्या टेकडीच्या चढावरच गाडी."

"टेकडीवर कशाला? तिथे तर कोणीच मेलं नाही."

"तिथे कसे मरतील? वर ना दवाखाना, ना डॉक्टर. सगळ्यांना इथे आणतो, मग इथे मरतात."

साहेबांना सांगितलं, तर आधी माझ्यावरच उखडले. "काहीतरीच काय बोलता!" मग नकाशाकडे वळले. दवाखान्याभोवतीच्या त्या लाल गर्दीकडे बघितलं, वर कोऱ्या टेकडीकडे बघितलं, आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

मावशीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "भावोजी, तिला कालपासून ताप होता. म्हटलं, तुम्हाला कशाला उगाच घोर लावायचा? आत्ताच गाडी घेऊन गेली तिला."

"टेकडीवरचा बाजार, शाळा, सगळं बंद करायला सांगा," एवढं मला म्हणून साहेब धावत बाहेर पडले. टोपीही टेबलावरच राहिली.

दवाखान्याच्या दारातच त्यांना अडवलं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच कपड्यांत कचेरीत हजर. मी म्हटलं, "साहेब, घरी जा हो. मी बघते इथलं."

"घरी जाऊन काय करू? फोन इथे येतो."

मी आता पत्ते विचारायला लागले होते. खरे-खोटे, मिळतील ते. टाचण्या आता पत्त्यावर लागणार होत्या. कारकुनाचा फोन आला, तो सांगत गेला, मी ओरडत गेले, साहेब खोचत गेले. शेवटी तो म्हणाला, "अजून एक बाई. तरुण. गरोदर होती." आणि त्याने पत्ता सांगितला.

पत्ता खरा होता. पोरीने वडिलांच्या घराचा दिला होता.

मी फोन खाली ठेवला.

"सांगा," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

"साहेब..."

"पत्ता सांगा, बाई."

मी सांगितला. त्यांनी डबीतून लाल टाचणी घेतली. हात त्यांच्या स्वतःच्या गल्लीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"इथे चांगली होती ती," ते म्हणाले. "वर मी पाठवली."

हात वर गेला. टेकडीवर त्यांनी टाचणी खोचली. मग मागे न वळता माझ्यापुढे तळहात धरला. "अजून एक द्या."

पोटातलं मूल आम्ही मोजत नव्हतो. तोही त्यांचाच नियम. मी दुसरी लाल टाचणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

दोन्ही वाकड्या लागल्या. त्यांनी त्या सरळ केल्या नाहीत.