दुसरी फेरी

थोरली बेसबॉल टीमची कोच, आणि नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री फिरवता फिरवता तिने टीममधल्या सगळ्याजणींकडून ते घोकून घेतलं होतं. "कोचने एका डावात पिचरपाशी एकदाच जायचं. त्याच डावात दुसऱ्यांदा मैदानाची रेघ ओलांडली, की पिचर बदलावाच लागतो. आणि उतरलेला पिचर परत येत नाही. शिरलं का डोक्यात, शिट्टे?"

"शिरलं, मास्तरीणबाई," शिट्टी म्हणायची. ती राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तोंडाने सतत शिट्टी वाजवायची, म्हणून हे नाव.

मुख्य पिचर धाकटी, थोरलीची सख्खी बहीण. तिचं कोपर पार कामातून गेलं होतं. ही शेवटची मॅच, मग चेंडूला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "ताई, जिंकू नाहीतर हरू. पण शेवटचा चेंडू माझ्या हातून जाऊ दे. मध्येच उतरवू नकोस."

"नाही उतरवत. हलू नकोस, भांग वाकडा होतोय."

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिची वेणी थोरलीच घालायची. आता तिशी आली तरी.

शेवटचा डाव, एका धावेची आघाडी. सुरुवातीलाच धाकटी घाई करायला लागली, तेव्हा थोरली पिचरच्या उंचवट्यापर्यंत जाऊन "दम खा जरा, घरी दूध उतू चाललेलं नाही" असं सांगून आली. ती एक फेरी झाली. मग धाकटीने दोघींना आउट केलं. आता एकच उरली.

आणि धाकटीची वेणी सुटली. केस डोळ्यांवर आले. दुखऱ्या हाताने ते मागे सारताना ती कळवळली. थोरलीने खिशातली पिन काढली, दातांत धरली आणि तरातरा निघाली.

"अगं बाई, रेघ! रेघ!" शिट्टी मागून ओरडली. अंपायरने हात वर केला. थोरलीला ना काही दिसलं, ना ऐकू आलं. पिन नीट बसल्यावर तिने वर पाहिलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, दुसऱ्यांदा आलात," अंपायर म्हणाला. "पिचर बदला."

"अहो, मी नुसती पिन लावायला..."

"बघितलं मी." त्याने नजर दुसरीकडे वळवली. "तरी बदलावाच लागेल."

धाकटीने चेंडू थोरलीच्या हातात ठेवला आणि चालू लागली. शिट्टी डोळे पुसत आली आणि तीन चेंडूंत तिने सामना संपवला. सगळ्याजणी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या.

बाकावर दोघीच राहिल्या.

"ताई, खरं सांग. कोपर वाचावं म्हणून मुद्दाम आलीस ना?"

'हो' थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही गं," ती म्हणाली. "विसरलेच. केस डोळ्यांत जात होते तुझ्या."

"मुद्दाम आली असतीस ना, तर वर्षभर बोलले नसते तुझ्याशी." धाकटीचा आवाज चिरकला. "आता मी भांडू तरी कशावरून?"

ती थोरलीकडे पाठ करून बसली. पिन निसटून पुन्हा मानेवर लोंबत होती. थोरलीने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.