जहाजवाल्या नाण्याचं वजन

रविवारी अकरा वाजता ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नाणीसंग्राहक मंडळाची बैठक भरायची. पूर्वी एखादं नाणं टेबलावर आलं की दोन तास काथ्याकूट चालायचा, भिंग या हातातून त्या हातात फिरायचं, जुनी भांडणं उकरली जायची, आणि शेवटी सगळ्यांच्या माना काटेसाहेबांकडे वळायच्या. काटेसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. साहेब नाणं कडेने धरून उजेडात फिरवायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नव्हतं.

आता खिशातून मोबाईल निघतो. नाण्याचा फोटो काढला की टिंग वाजतं, आणि नाव, साल, दुर्मिळता, सगळं पडद्यावर हजर. बैठक पंचवीस मिनिटांत उरकते. उरलेल्या वेळात सभासद एकमेकांना गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात. त्यावर ॲप अजून यायचं आहे.

काटेसाहेबांना या ॲपचा संताप यायला हवा होता. तो येत नव्हता त्याला एकच कारण. एका बाजूला जहाज असलेलं एक चांदीचं नाणं आहे. त्याचा ठरावीक सालचा नमुना मोबाईलसमोर धरला की ॲप म्हणतं, ‘जड प्रकार. अतिदुर्मिळ. खात्री ९६ टक्के.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘संदर्भ: मंडळाची माहितीपुस्तिका, पान १४.’

पान चौदा काटेसाहेबांनी लिहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी. ‘हे नाणं साधारण साडेसहा ग्रॅमचं असतं, माझ्याकडचं मात्र जवळजवळ सात ग्रॅम भरतं,’ असा त्यांचा शोध होता. ते पान तेव्हा फार तर सहा जणांनी वाचलं असेल, त्यातले दोन मुद्रितशोधक. पुढे कुणीतरी पुस्तिका स्कॅन केली, ॲपने ती गिळली, आणि काटेसाहेब जगभर गेले. मुलीकडून त्यांनी त्या पडद्याची छापील प्रत काढून घेतली आणि घरच्या दिवाणखान्यात सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावली. किंचित वर.

मंगळवारी त्याच मुलीने इलेक्ट्रॉनिक काटा पाठवला. तळहाताएवढा. “बाबा, ग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा दाखवतो,” असं तिने फोनवर सांगितलं. साहेबांनी दुपारभर घरातलं सगळं मोजलं. अंगठी, चष्मा, कवळी. मग जहाजवालं नाणं काढलं. ते जाड कागदाच्या, पुढेमागे पारदर्शक खिडकी असलेल्या पुडीत असे, वर स्टेपलरच्या दोन पिना. काट्यावर आकडा आला ६.९२. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

“अहो, पुडी काढा ना,” बायको म्हणाली.

“चांदीला बोट लावायचं नसतं. डाग पडतात.”

“म्हणजे तेव्हाही नव्हती काढली?”

साहेबांनी काटा पुसून पुन्हा शून्यावर आणला.

“मला कांदेसुद्धा पिशवीसकट मोजू देत नाही तुम्ही,” ती म्हणाली आणि आत गेली.

साहेबांनी हातमोजे घातले, चिमट्याने पिना उपसल्या. नाणं ६.५०. पुडी, दोन पिनांसह, ०.४२. त्यांनी बेरीज दोनदा केली. दोन्ही वेळा ती बरोबर आली, हीच पंचाईत होती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सगळ्यात जास्त दुकानदार कशासाठी धरले असतील, तर खोक्यासकट माल तोलला म्हणून.

खरं तर ते गप्प बसले असते. पण बुधवारी शेठचा फोन आला. शेठ म्हणजे मंडळाचे सभासद, निवृत्त किराणावाले. त्यांची ओळखच मुळी साहेबांनी खजूर खोक्यासकट तोलल्याबद्दल केलेल्या दंडातून झालेली. पुढे दोघे मंडळात भेटले आणि दोस्ती झाली, पण गेली सव्वीस वर्षं चहा आला की शेठ न चुकता विचारत, “साहेब, कपासकट घेणार की कपाविना?”

“साहेब, जड प्रकार मिळतोय मला!” शेठ फोनवर ओरडले. “एक नाणेवाला देतो म्हणतोय. माझ्या ट्रेच्या बदल्यात.”

“अख्ख्या ट्रेच्या?”

“अख्ख्या. ॲप म्हणतंय शहाण्णव टक्के. आणि खाली कोणाचं पान, तर तुमचं. मग मी कशाला विचार करू? रविवारी देऊन टाकतो.”

शेठच्या ट्रेला पन्नास खाचा होत्या आणि त्यात अठ्ठेचाळीस तांब्याची नाणी. चाळीस वर्षांत दुकानाच्या गल्ल्यात आलेली, एकेक वेचून ठेवलेली. प्रत्येकाखाली चिठ्ठी, त्यावर तारीख आणि ज्याच्या हातून आलं त्या गिऱ्हाइकाचं नाव. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं आता हयात नव्हती. आणि नाणेवाल्याकडचं नाणं साधं होतं हे सांगायला काटाही नको होता. ॲप फोटो बघतं. फोटोला वजन नसतं. त्या सालचं कुठलंही जहाज त्याच्यापुढे धरा, ते जडच.

साहेबांनी आधी सोपा मार्ग धरला. ॲपमध्ये दुरुस्तीचा अर्ज होता, तो भरला. चार मिनिटांत उत्तर आलं, ‘आपली सूचना मान्यवर तज्ज्ञांच्या नोंदीशी जुळत नाही. कृपया माहितीपुस्तिका, पान १४ पाहावे.’

साहेबांनी पाहिलं. शैली चांगली होती.

“शेठना सांगून टाका,” बायको म्हणाली.

“त्यालाच? त्याला सोडून कुणालाही सांगतो.”

“बाकी कुणाचा ट्रे जात नाहीये.”

रविवारी नाणेवाला बरोबर अकराला आला. शेठने ट्रे दोन्ही हातांनी पुढे सरकवला. एका चिठ्ठीचा कोपरा दुमडला होता तो नखाने सरळ केला, आणि मग हात काढून घेतला.

“थांबा,” काटेसाहेब म्हणाले आणि काटा टेबलावर ठेवला. नाणेवाल्याचं नाणं भरलं ६.४८.

“काटा बिघडलाय,” नाणेवाला म्हणाला. “ॲप काय म्हणतं बघा.”

“तुमचंच तर पान आहे, साहेब,” मंडळाचे चिटणीस म्हणाले. त्यांनी गेल्या महिन्यात दोन जड घेतली होती.

“मी ते वजन पुडीसकट केलं होतं.”



“पण छापलंय ना ते?” चिटणीस क्षीणपणे म्हणाले.

शेठ सावकाश पुढे झुकले. “कशासकट?”

“पुडीसकट.”

“जरा मोठ्याने, साहेब. मागच्यांना नाही आलं ऐकू.”

“पुडीसकट! पुडी आणि दोन पिना!”

शेठने चिटणिसांपुढचा कागद ओढला, पेन काढलं. “प्रकार किती दिवस चालू होता?”

“बावीस वर्षं.”

“मुद्दाम?”

“नजरचुकीने.”

“माझंही नजरचुकीनेच होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? नजरचूक कायद्यात बसत नाही.”

“बसत नाहीच,” साहेब म्हणाले.

शेठने लिहिलं, खाली सही घेतली. मग ट्रे उचलून मांडीवर घेतला. नाणेवाल्याने आपलं जहाज खिशात टाकलं आणि मला दुसरीकडे जायचंय म्हणून निघून गेला.

“दंड किती?” साहेबांनी विचारलं.

“माल जप्त.” शेठने हात पुढे केला.

काटेसाहेबांनी शर्टाच्या खिशातून आपलं जहाजवालं नाणं काढलं. शेठ म्हणाले, “पुडी?” तीही निघाली. शेठने नाणं तिच्यात घातलं, चिटणिसांच्या स्टेपलरने दोन पिना मारल्या आणि काट्यावर ठेवलं. ६.९२. निरीक्षकाच्या थाटात त्यांनी तो आकडा खोलीभर दाखवला. मग एकोणपन्नासाव्या खाचेत नाणं बसवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. आजची तारीख. गिऱ्हाईक, काटेसाहेब.

साहेब वाकून बघत होते.

“वजनही लिहा,” ते म्हणाले. “नाणं वेगळं, पुडी वेगळी.”